इंजिन बंद कसं करायचं, ते आधी शिकून घ्या

पत्र:

आमच्याकडे ३६ फुटी शिडाची यॉट आहे, ११ वर्षांची. येत्या हंगामात आम्ही दोघंच किनाऱ्याकिनाऱ्यानं सहा आठवड्यांच्या सफरीला निघणार आहोत. म्हणजे ठरलंय तरी तसं. गेल्या वर्षीही ठरलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. माझ्या नवऱ्याच्या वहीत १४० कामांची यादी आहे. दहा कामं खोडली की बारा नवी येतात. नकाशावर होडीची जागा दाखवणारा नवा प्लॉटर आला, रडार आलं, आता होडी बुडालीच तर बसायची लाइफराफ्ट, म्हणजे फुगणारा तराफा, आणि मोठ्या बॅटऱ्या यायच्या आहेत. होडीवर माझं काम म्हणजे हे सांगतील तो दोर ओढायचा, जेवणाखाण्याचं बघायचं आणि नांगर टाकताना पुढे जाऊन साखळी सोडायची. मनात मात्र एकच घोळत असतं: रात्री हे पाण्यात पडले तर मी काय करू? मला इंजिनसुद्धा नीट चालवता येत नाही. बोलून दाखवलं की म्हणतात, "अगं, मी आहे ना." यादी कधी संपणार? आम्ही तयार झालो हे कशावरून ओळखायचं? आणि माझी भीती फाजील आहे का?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा १४० कामांपाशी नाही, "मी आहे ना" या शब्दांपाशी थांबले. ते प्रेमानं म्हटलेले आहेत याबद्दल मला शंका नाही. माझा नवराही अगदी हेच म्हणायचा. पण तुमची भीती ते नसतील त्या वेळेची आहे, आणि त्या वेळेला हे शब्द उपयोगी पडत नाहीत. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. भीती फाजील नाही. वहीत जे काम लिहायचं राहून गेलंय तेच तिनं हेरलंय.

तयारी ओळखायची माझी खूण सांगते. दोघांपैकी कोणीही एकट्यानं, दुसऱ्याला एक शब्द न विचारता, शिडं उतरवू शकलं, इंजिन सुरू करू शकलं, होडी आडोशाच्या जागी नेऊन नांगरू शकलं आणि रेडिओवर मदत मागू शकलं, की तुम्ही तयार. रडार असो वा नसो. आणि हे जमत नसेल, तर वहीतली १४०च्या १४० कामं खोडली गेली तरी होडीवर खलाशी एकच आहे आणि दुसरी व्यक्ती प्रवासी आहे.

हे मी कशावरून म्हणते ते सांगायला हवं. आमच्या पहिल्या लांबच्या सफरीत चौथ्या दिवशी पहाटे नवऱ्याच्या पाठीत उसण भरली. साधी नव्हे, केबिनच्या जमिनीवर आडवे झाले ते तिथून हलताच येईना. बंदर नऊ मैलांवर होतं, वारा मंद होता, समुद्र शांत होता, म्हणजे नशीब चांगलंच होतं. मी शिडं कशीबशी उतरवली, बघून बघून माहीत होतं तसं इंजिन सुरू केलं, आणि तीन तासांनी बाहेरच्या मोकळ्या धक्क्याला होडी लावली. दोर बांधले. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, तर समोरचे दिवे विझले आणि इंजिन धडधडतच राहिलं. डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर चालत राहायला विजेची गरज नसते. पुष्कळ होड्यांवर ते थांबवायला तेल तोडणारी वेगळी कळ ओढावी लागते, आणि आधी किल्ली बंद केली तर वीज तयार करणारा आल्टरनेटरही जळू शकतो. ती कळ माझ्या पायाजवळ होती. वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर होती, पण ती कशाची हे मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. शेजारच्या होडीवरचा एक अनोळखी माणूस उडी मारून आला आणि त्यानं ती ओढली. त्या दिवशी कुणाचं काही बिघडलं नाही, पण रात्री मला झोप लागली नाही. नऊ मैलांऐवजी नव्वद असते, वारा असता, रात्र असती, हेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

म्हणून माझं पहिलं मागणं: वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्या कामांच्या वर, तुमचं नाव लिहायला सांगा. त्यापुढे एक पूर्ण दिवस. त्या दिवशी होडी तुम्ही चालवायची. धक्क्यावरून काढण्यापासून परत बांधण्यापर्यंत सगळं तुम्ही, आणि त्यांनी हाताची घडी घालून बसायचं. कोणाला इजा होण्याची वेळ आली तरच बोलायचं, एरवी नाही. हे त्यांना तुमच्यापेक्षा जड जाईल. पहिल्या दिवशी तुमच्याकडून धक्क्याला एखादा ओरखडा येईल, तो येऊ द्या. एका दिवसानं भागणार नाही. चार-पाच वेळा करा, त्यातला एक दिवस जरा वाऱ्याचा असू द्या. आणि शिकवणारा नवराच असला पाहिजे असं मुळीच नाही. दोन-तीन दिवसांचा रीतसर शिडाच्या होडीचा वर्ग, तोही नवऱ्याशिवाय एकटीनं केलेला, हा तुमच्या यादीतला सगळ्यात चांगला खर्च ठरेल. परक्या माणसाकडून शिकताना जुने घरगुती सूर मध्ये येत नाहीत.

आता माणूस पाण्यात पडण्याबद्दल. तुमच्या भीतीचं मूळ तेच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

पाच नॉटच्या, म्हणजे तासाला पाच सागरी मैलांच्या, वेगानं चाललेली होडी मिनिटाला दीडशे मीटरच्या वर जाते. लाटांमध्ये माणसाचं डोकं तेवढ्या अंतरावरून दिवसासुद्धा हरवतं. शिवाय दोघांच्या होडीत एक जण पाण्याकडे बोट धरून बघत राहील आणि दुसरा होडी वळवेल, अशी विभागणी होऊ शकत नाही. उरलेल्या एकट्या माणसाला सगळं करायचं असतं. म्हणून पहिली गोष्ट होडी थांबवणं. वळून मागे जाण्याचा विचार त्यानंतर. पुढच्या शिडाचा दोर न सोडता होडीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे न्यायचं. पुढचं शीड उलट्या बाजूनं वारा घेतं, सुकाणू वाऱ्याच्या दिशेनं वळवून ठेवलं की होडी जवळपास थबकते आणि सावकाश सरकत राहते. याला हीव्ह-टू म्हणतात. शिडाच्या होडीवरची एकच युक्ती शिकायची असेल तर तुम्ही ही शिका. तिनं तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो, आणि एकट्या माणसाकडे तोच सगळ्यात कमी असतो. वादळी वाऱ्यात थकल्यावर थोडी विश्रांती घ्यायलाही तीच कामाला येते.

थांबवता थांबवता हाताशी असेल ते तरंगणारं टाका, आणि प्लॉटरवरचं माणूस पडल्याचं बटण दाबा, म्हणजे जागेची नोंद होते. मग रेडिओ. माणूस पाण्यात पडणं हे मेडे, म्हणजे जिवावरच्या संकटाची हाक, पुकारण्याइतकं गंभीर आहे. आधी आपण प्रयत्न करू, जमलं नाही तर बोलावू, असं करू नका. मदत निघायला वेळ लागतो आणि माणूस परत मिळाला तर निरोप मागे घेता येतो. त्यानंतर इंजिन, पण पाण्यात एकही दोर लोंबत नाही ना हे बघूनच. इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात दोर अडकला तर दोघंही असहाय. माणसाजवळ पोचल्यावर इंजिन न्यूट्रलला.

खरा कठीण भाग यानंतरच येतो. माणूस होडीच्या बाजूला आला तरी त्याला वर ओढून घेणं तुम्हाला हातांनी जमणार नाही. भिजलेल्या कपड्यांतला, दमलेला, गारठलेला मोठा माणूस मीटरभर उंचीच्या कडेवरून एकट्यानं वर घेणं सहसा कोणालाच जमत नाही. गार पाण्याचा हिशेब अंदाजे असा सांगतात: पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं, मग दहा मिनिटं हातापायांत काही करण्याइतका जोर राहतो, आणि शुद्ध हरपायला तासाभराच्या आसपास लागतो. म्हणजे दहा मिनिटांनंतर ते तुम्हाला स्वतःहून काहीच मदत करू शकणार नाहीत. यावर उपाय आहे तो दोरानं ओढायच्या तरंगत्या पट्ट्याचा. लाइफस्लिंग म्हणून मिळतो. तो मागे सोडून माणसाभोवती होडी गोल फिरवायची. दोर आपोआप त्याच्यापर्यंत पोचतो आणि तो पट्टा काखेखालून घालतो. मग तुम्ही त्याला जवळ ओढायचं आणि शीड चढवायच्या दोराला पट्टा अडकवून विंचनं, म्हणजे दोर ओढायच्या हातरहाटानं, वर घ्यायचं. विंच आणि हँडल असेल तर अंगात फार ताकद लागत नाही. पण तो दोर बाजूपर्यंत पुरतो का, हँडल फिरवायला कुठं उभं राहायचं, हे आधी करून बघितलेलं पाहिजे. नांगरलेल्या होडीवर, ऊबदार दिवशी, नवऱ्याला लाइफजॅकेट घालून पाण्यात उतरवा आणि एकटीनं वर घ्या. मग जागा बदला. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा पाऊण तास लागला. तिसऱ्यांदा सात मिनिटं.

आणि पडू नये म्हणून: होडीच्या लांबीभर पट्टे ताणून ठेवा, अंगावरच्या हार्नेसचा आखूड पट्टा त्यात अडकवूनच पुढे जा. पट्टा इतका आखूड हवा की घसरलात तरी कडेच्या बाहेर जाऊ नये. केबिनमधून बाहेर पाऊल टाकायच्या आधी अडकवायचा, आत आल्यावरच सोडायचा. रात्री दुसऱ्याला उठवल्याशिवाय कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेतून, पुढे जायचं नाही, मग काम कितीही क्षुल्लक असो. नवरे मंडळी हा नियम पहिल्याच रात्री मोडतात, "एवढंसं काम, तिला कशाला उठवू" म्हणून. त्यांना सांगा, उठवलेलं चालेल.

रेडिओसाठी एक कागद तयार करा आणि रेडिओशेजारी चिकटवा. तुमच्याच हस्ताक्षरात. व्हीएचएफचा चॅनेल १६. "मेडे" तीनदा, होडीचं नाव तीनदा, मग एकदा "मेडे" आणि नाव, रेडिओचा नऊ आकडी ओळख-क्रमांक (एमएमएसआय), आपली जागा, काय झालंय, कोणती मदत हवी, होडीवर माणसं किती, "ओव्हर". जागेचे आकडे कुठे दिसतात ते बोटानं दाखवता यायला हवं. झाकणाखालचं लाल बटण काही सेकंद दाबून धरलं की डिजिटल संकटसंदेश आपोआप जातो. पण रेडिओला जीपीएस जोडलेलं असेल आणि क्रमांक नोंदलेला असेल तरच त्यात तुमची जागा आणि ओळख जाते. हे दोन्ही आहे का ते या आठवड्यातच तपासा. ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारणारा ईपर्ब घेतला असेल तर त्याचीही नोंदणी करून ठेवा. ज्याची नोंद नाही अशा हाकेचा माग काढण्यात शोधणाऱ्यांचा वेळ जातो.

आता त्या वहीकडे येऊ. तुमच्या नवऱ्याला मी दोष देत नाही. यादी करणारा माणूस काळजीवाहू असतो, आणि मला तर वाटतं तेही घाबरलेले आहेत. तुमची सगळी जबाबदारी आपल्या एकट्याच्या खांद्यावर आहे असं त्यांना वाटत असणार, आणि ती पेलायला आणखी एक यंत्र, आणखी एक यंत्र, असं चाललं असणार. तुम्ही शिकलात की त्यांच्या यादीतली कितीतरी कामं आपसूक गळतील, असा माझा अंदाज आहे.

तोवर वहीत तीनच खुणा करा. ज्यानं पाणी आत येऊ शकतं, त्याला एक खूण. ज्यानं होडी चालायची किंवा थांबायची बंद होऊ शकते, त्याला दुसरी. ज्यानं माणूस होडीबाहेर जाऊ शकतो, त्याला तिसरी. बाकी सगळ्या ओळी पुढच्या वर्षाच्या वहीत. एरिक आणि सुझन हिस्कॉक या जोडप्यानं १९५२ ते १९५५ या काळात 'वाँडरर ३' नावाच्या ३० फुटी होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र तेव्हा जगात नव्हतंच. नवी साधनं घेऊ नका असं मी म्हणत नाही, प्लॉटर मलाही आवडतो. पण ती आली नाहीत म्हणून सफर अडत नाही.

लाइफराफ्टचंच बघा. ती घ्या, जरूर घ्या. पण इंग्लंडहून निघणाऱ्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतलं, १९७९ सालचं, एक लक्षात ठेवा. ३०३ होड्या निघाल्या होत्या, वादळात १५ स्पर्धक गेले. २४ होड्या खलाशांनी सोडून दिल्या आणि त्यांतल्या फक्त पाच बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगत्या सापडल्या. होडी पायाखालून बुडायला लागेपर्यंत होडीच राफ्टपेक्षा सुरक्षित असते, म्हणून आधी लक्ष तिच्या तळाकडे.

तळाला भोकं किती आहेत? हा प्रश्न तुम्ही नवऱ्याला विचारा. पुष्कळांना आकडा सांगता येत नाही. इंजिनाला गार करायचं पाणी घेणारं, संडासाचं, मोरीचं, खोली मोजणाऱ्या यंत्राचं, वेग मोजणाऱ्या चाकाचं, पंख्याच्या दांड्याचं. पाण्याखाली अर्धा मीटर असलेल्या दीड इंची भोकाची नळी निसटली तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. म्हणून एक दिवस टॉर्च घेऊन तुम्ही स्वतः सगळी भोकं शोधा, होडीचा साधा आराखडा काढून त्यावर खुणा करा आणि तो कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. हे काम तुम्हीच करा, त्यांनी नाही. एकदा तोंड खुपसून शोधलेली जागा अंधारातही हाताला सापडते. प्रत्येक भोकावरचा सीकॉक, म्हणजे तिथला बंद करायचा झडप-नळ, हातानं फिरतो का? फिरत नसेल तर तो असून नसल्यासारखा. नळीवर दोन-दोन क्लिपा आहेत का, गंजल्या आहेत का? प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवा. साध्या पितळेचे सीकॉक असतील तर नीट बघा. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर आणि ठिसूळ होतो. होडी पाण्याबाहेर काढणारच आहात तर तेव्हाच बदलून टाका.

तुमची होडी ११ वर्षांची आहे, म्हणून डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांबद्दल लिहितेच. स्टेनलेसच्या तारा साधारण १० ते १२ वर्षांनी बदलाव्यात असं मानतात, आणि विमा देणारेही बहुधा तेव्हाच विचारू लागतात. तार टोकाशी जिथे धातूच्या नळकांड्यात शिरते तिथे एखादा धागा तुटलाय का, तडा किंवा गंजाचा ओघळ दिसतो का, हे भिंग घेऊन बघा. मग जाणकाराला वर चढवून तपासून घ्या. बॅटऱ्यांचे पैसे आधी इथे जाऊ द्यात.

इंजिनाबद्दल दोनच गोष्टी, पण दोघांनाही आल्या पाहिजेत. समुद्राचं पाणी खेचणारा रबरी इंपेलर बदलणं, आणि डिझेलचा फिल्टर बदलून नळीतली हवा काढणं. इंजिन सुरू केल्यावर मागच्या नळीतून पाणी पडतंय का हे दर वेळी वाकून बघा. नसेल पडत तर लगेच बंद करा, कोरडा इंपेलर काही मिनिटांत फाटतो. फिल्टरचं असं की धक्क्याला बांधलेल्या होडीच्या टाकीत गाळ तळाशी निवांत बसतो. बाहेर पहिल्या मोठ्या लाटांत तो ढवळला जातो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं खाडीच्या तोंडाशी, जिथे सर्वांत गरज असते, तिथे बंद पडतं. निघण्याआधी टाकी साफ करा, जादा फिल्टर ठेवा, आणि फिल्टर बदलायचा सराव बांधलेल्या होडीवर तुम्ही करा.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. काम झालं की सिलिंडरपाशीच बंद करायची सवय दोघांना हवी.

नांगराच्या बाबतीत माझं ठाम मत आहे. बहुतेक जोडप्यांत नवरा सुकाणूवर आणि बायको पुढे साखळीशी झटत असते. हे उलट करा. सुकाणूला ताकद लागत नाही, साखळीला लागते. तुम्ही मागे, ते पुढे, आणि ओरडण्याऐवजी हाताच्या पाच-सहा खुणा ठरवून घ्या. वाऱ्यात शब्द ऐकू जात नाहीत, सूर तेवढा ऐकू जातो आणि त्यावरून भांडणं होतात. साखळी किती सोडायची त्याचा हिशेब तोंडपाठ करा: भरतीच्या वेळची खोली, अधिक पुढच्या टोकाची पाण्यापासूनची उंची, त्याच्या निदान पाचपट. ओहोटीला पाच मीटर पाणी असेल, भरतीनं तीन मीटर चढणार असेल आणि पुढचं टोक मीटरभर वर असेल तर नऊ पंचे पंचेचाळीस मीटर. साखळीऐवजी दोर जास्त असेल तर सातपट. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरतीचा आकडा मोठा धरा. मग इंजिन सावकाश मागे चालवून नांगर रुतला का बघा, किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत पकडून ठेवा. झोपण्यापूर्वी ती रेषा दोघांनी बघायची.

निघण्यापूर्वी दोन रात्रींची एक छोटी फेरी कराच, त्यातली एक रात्र चालत्या होडीवर. तीन-तीन तासांच्या पाळ्या लावा. रात्री एकटीनं पाळी केल्याशिवाय तुमची भीती हलणार नाही, आणि केल्यावर ती कामापुरती उरेल. समुद्र लागत असेल, म्हणजे लाटांनी मळमळत असेल, तर गोळी निघण्याच्या आधी घ्या, उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. यात कमीपणा काही नाही, नेल्सनसारख्या आरमारी सेनापतीलाही समुद्र लागायचा. या दोन रात्रींत जे मोडेल, जे सापडणार नाही, जे हाताशी हवं होतं असं वाटेल, तीच तुमची खरी यादी.

त्या फेरीतच एक नियम घालून घ्या: शीड कमी करायचं असं दोघांपैकी कोणीही म्हटलं, की दुसऱ्यानं "कशाला" न विचारता कमी करायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. दहा नॉटला सुखाची वाटणारी होडी वीसला हाताबाहेर जाते, आणि तोवर पुढे जाऊन काम करणंही धोक्याचं होऊन बसतं. निघायचं नाही, असं एकानं म्हटलं तरी हाच नियम. त्यासाठी वेळापत्रकात फट ठेवा. सहा आठवड्यांत चारच आठवड्यांचं अंतर आखा. कुणाला अमुक बंदरात अमुक दिवशी भेटायचा शब्द देऊ नका. पाहुण्यांना दिवस सांगा किंवा जागा सांगा, दोन्ही एकदम सांगू नका. कितीतरी होड्या वाईट हवेत निघाल्या त्या केवळ कोणीतरी धक्क्यावर वाट बघत होतं म्हणून.

हे त्यांच्याशी बोलायचं कसं? "तुम्ही पडलात तर" अशी सुरुवात करू नका, ते पुन्हा "मी आहे ना" म्हणतील. आमच्याकडे मी असं म्हटलं होतं: "तुम्हाला तीन तास निर्धास्त झोपता यावं, असं मला शिकवा." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, गेल्या चारही रात्री ते डोळा लागू देत नव्हते. मला हे माहीतच नव्हतं.

येत्या सुटीच्या दिवशी होडीवर जा. वही बंदच राहू द्या. इंजिन तुम्ही सुरू करा, मागच्या नळीतून पाणी पडतंय का बघा, दहा मिनिटं चालू द्या. मग त्यांना विचारा की बंद करायची कळ कुठली, आणि ती तुमच्या हातानं ओढा. त्याच दिवशी निघायची तारीखही पेननं लिहून टाका. फेरीहून आल्यावर कसं झालं ते मला कळवा, मी वाट बघते आहे.